विश्लेषण : गाणे तिचे, पण मालकी कुणाची? झाडीपट्टीतील मुलींच्या स्वतंत्र गाण्यांपुढचा प्रश्न

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातून गाणे ध्वनिमुद्रित करून जगभर पोहोचवणे आज शक्य झाले आहे. त्यासाठी मुंबईची मोठी कंपनी किंवा वाहिनीवरची स्पर्धा गाठण्याची गरज उरलेली नाही. मात्र गाणे ऑनलाइन झळकणे वेगळे आणि ते गाणाऱ्या मुलीच्या मालकीचे असणे वेगळे. स्वतःची गाणी स्वतः प्रसिद्ध करणाऱ्या गायिका, गीतकार आणि रॅपर मुलींसाठी कायदा काय सांगतो, पैसे कसे येतात आणि फसगत कुठे होते, याचा हा आढावा.

स्वतंत्र संगीत म्हणजे काय?

चित्रपट, मालिका किंवा मोठ्या संगीत कंपनीच्या आधाराशिवाय कलाकाराने स्वतःच्या खर्चाने आणि जबाबदारीवर तयार केलेले गाणे म्हणजे स्वतंत्र संगीत. त्यात पॉप, रॅप, भक्तिगीत, भीमगीत, लोकगीत असे काहीही येऊ शकते. शैली कोणती, यावर गाण्याचे स्वातंत्र्य ठरत नाही. खर्च कुणी केला, निर्णय कुणाचा आणि मूळ ध्वनिमुद्रण म्हणजे ‘मास्टर’ कुणाच्या मालकीचा, यावर ते ठरते.

मराठीत या वाटेची ताकद २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ने दाखवून दिली. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोडचे हे गाणे चित्रपटाच्या टेकूशिवाय देशभर वाजले. मात्र अशा गाजलेल्या गाण्यांत स्त्री बहुतेक वेळा पडद्यावर दिसते. शब्द, चाल आणि हक्क पुरुषांकडे असतात. त्यामुळे किती मुली गातात याइतकेच, किती मुलींच्या नावावर गाणे आहे, हेही मोजायला हवे.

झाडीपट्टीत बाईचे गाणे कुठे होते?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या पूर्व विदर्भातील पट्ट्याला गाण्याची वाण कधीच नव्हती. धानाच्या रोवणीत चिखलात वाकून रोपे लावताना बायका गातात. लग्नघरी, जात्यावर, पाळण्याशी गातात. ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली. ती रचणाऱ्या बाईचे नाव मात्र कुठे नोंदले गेले नाही.

रंगमंचावरचे चित्र निराळे होते. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोककलांत स्त्रीची भूमिका परंपरेने पुरुषच करत. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टी नाटकांनी मात्र अभिनेत्री आणि गायिकांना व्यासपीठ दिले. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटकमंडळींचे मुख्य केंद्र. या रंगभूमीची दखल राष्ट्रीय पातळीवरही घेतली गेली; ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परंतु नाटकातले गाणे त्या रात्रीपुरते असते. प्रयोग संपला, मानधन मिळाले, व्यवहार संपला. ध्वनिमुद्रित गाण्याचे तसे नसते. ते दहा-वीस वर्षांनंतरही वाजू शकते आणि कमाई करू शकते. म्हणूनच त्याच्या मालकीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तिसरा प्रवाह आंबेडकरी जलशांचा आणि भीमगीतांचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक भंडाऱ्यातूनच लढवली होती. १९५६ चे धम्मचक्र प्रवर्तन शेजारच्या नागपुरात झाले. १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेला गावोगावी होणारे गायनाचे कार्यक्रम आजही नव्या गायिकांसाठी पहिली पायरी ठरतात.

वाट कशी बदलली?

विदर्भातील गायिकेसाठी पूर्वी दोनच ओळखीचे दरवाजे होते. एक आकाशवाणीच्या स्वरचाचणीचा, दुसरा वाहिन्यांवरील स्पर्धांचा. हिंगणघाटहून आलेल्या वैशाली माडे दुसऱ्या दरवाजाने पुढे गेल्या. मराठी आणि त्यापाठोपाठ हिंदी ‘सा रे ग म प’ जिंकल्यानंतर त्यांचा आवाज ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) चित्रपटातील ‘पिंगा’पर्यंत पोहोचला. पण या मार्गात निवड करणारे दुसरेच असतात, आणि चित्रपटगीताची मालकी निर्मात्याकडे किंवा संगीत कंपनीकडे जाते.

समाजमाध्यमांनी तिसरा दरवाजा उघडला. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात मोबाइलवर चित्रित झालेल्या गाण्यांमुळे घराघरांत पोहोचल्या. त्यांना ना स्टुडिओची गरज पडली, ना परीक्षकांची. महादेव कोळी समाजातील मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने रॅप करते. ‘जंगलचा राजा’सारख्या गाण्यातून तिने आदिवासी जगणे मांडले, तर ग्रीनपीस इंडियासोबतच्या ‘हीटवेव्ह’मधून उन्हात राबणाऱ्यांचा प्रश्न रॅपमध्ये आणला. २०२५ मध्ये रत्नागिरीच्या राधिका भिडेने ‘आय-पॉपस्टार’ या ओटीटी कार्यक्रमात ‘मन धावतंया’ हे मराठी गाणे सादर केले आणि मराठी न समजणाऱ्यांनीही ते उचलून धरले.

या तिघींची पार्श्वभूमी, शैली आणि श्रोते पूर्ण वेगळे. साम्य एवढेच की आपली भाषा किंवा बोली सौम्य न करता त्या ऐकल्या गेल्या. झाडीबोलीत गाणाऱ्या मुलीसाठी हा धडा मोलाचा आहे. या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. डोळा ‘डोरा’ होतो. एरवी ज्या उच्चारांना शाळेत हसले जाते, तेच गाण्यात ओळख ठरू शकतात.

गाणे ‘रिलीज’ होते म्हणजे नेमके काय होते?

यूट्यूबवर कुणीही स्वतःचे चॅनल काढून गाणे टाकू शकते. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक यांसारख्या सेवांवर मात्र गाणे वितरकामार्फत जाते. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर ही अशा वितरकांची परिचित नावे. काही वितरक वार्षिक वर्गणी घेतात, काही कमाईत वाटा घेतात. वर्गणी थांबली की गाणे खाली उतरवले जाईल का, हे आधीच पाहून घ्यावे.

गाणे पाठवताना आवाजाच्या फाइलसोबत मुखपृष्ठ आणि तपशील भरावा लागतो. गायिका, गीतकार, संगीतकार, निर्माती, भाषा आणि प्रसिद्धीची तारीख असा हा तपशील असतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ‘आयएसआरसी’ हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. ही जणू गाण्याच्या सातबाऱ्यावरची नोंद. गाणे कुठेही वाजले तरी त्याचा हिशेब या क्रमांकावर जमा होतो. या रकान्यांत गीतकार म्हणून दुसऱ्याचेच नाव गेले, तर पुढे दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

एका गाण्यात किती हक्क असतात?

समजा, लाखनीतील एका तरुणीने शब्द लिहिले, चाल लावली, स्वतः गायली आणि नागपुरातील स्टुडिओत पैसे भरून ध्वनिमुद्रण केले. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार या एका गाण्यात चार वेगवेगळे हक्क आहेत. शब्दांचा हक्क साहित्यकृती म्हणून, चालीचा संगीतकृती म्हणून, ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र हक्क आणि गायनाचा कलाकार हक्क. शब्द आणि चाल यांचे संरक्षण रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे असते. ध्वनिमुद्रणाचे प्रसिद्धीनंतर ६० वर्षे, तर गायनाचे ५० वर्षे.

ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो. कायद्याच्या भाषेत निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. म्हणजे भाडे घेऊन माइक आणि यंत्रे वापरू देणारा स्टुडिओचालक आपोआप मालक होत नाही. वरच्या उदाहरणातील तरुणी चारही हक्कांची धनी आहे. तिने तयार ‘बीट’ विकत घेतली असेल, तर तेवढा भाग मात्र बीट बनवणाऱ्याच्या परवान्यावर चालतो. तीच बीट तो इतर दहा जणांना देऊ शकतो का, हे त्या परवान्यात पाहावे.

हे हक्क मिळवण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कृती तयार होताच ते लागू होतात. पण वाद उद्भवल्यास नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो. शब्द किंवा संगीतासाठी प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने काय दिले?

ही दुरुस्ती नव्या कलाकारांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पूर्वी गीतकार-संगीतकार एकरकमी मानधन घेऊन सारे हक्क लिहून देत आणि गाणे कितीही गाजले तरी पुढे हात रिकामेच राहत. आता चित्रपटाबाहेरच्या गाण्यातही गीतकार आणि संगीतकाराचा स्वामित्वधनातील समान वाट्याचा हक्क करार करूनही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेकडे जाऊ शकतो. गायक-वादकांनाही सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराबद्दल स्वामित्वधनाचा हक्क मिळाला.

याच दुरुस्तीत कलाकाराला आपल्या सादरीकरणाशी नाव जोडले जाण्याचा हक्क मिळाला. सादरीकरणाची विटंबना किंवा प्रतिष्ठेला बाधक मोडतोड झाल्यास रोखण्याचाही हक्क आहे. पूर्ण पैसे दिले म्हणून गायिकेचे नाव गाळण्याची मुभा कंपनीला आपोआप मिळत नाही.

गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘आयपीआरएस’ ही संस्था स्वामित्वधन वसूल करते. गायकांसाठी २०१३ मध्ये ‘इसरा’ ही संस्था सुरू झाली. जी मुलगी स्वतः लिहिते आणि गातेही, तिने दोन्हींकडे सदस्यत्वाची चौकशी करणे हिताचे.

करारावर सही करताना काय पाहावे?

गाणे थोडे चालले की एखाद्या चॅनलचा किंवा छोट्या कंपनीचा फोन येतो. ‘व्हिडीओ आम्ही करतो, गाणे आमच्या चॅनलवर टाकू’ असा प्रस्ताव असतो. तो नेहमी वाईटच असतो असे नाही. व्हिडीओचा खर्च परवडत नसेल तर भागीदारी उपयोगी पडते. मात्र चॅनलवर गाणे चालवण्याची परवानगी आणि हक्कांचे हस्तांतरण यांत जमीन भाड्याने देणे आणि विकणे यांच्याइतका फरक आहे.

हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क घेऊन कंपनीने वर्षभर त्यांचा वापरच केला नाही, तर अन्यथा ठरलेले नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते. म्हणूनच छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ असे शब्द आवर्जून घातलेले असतात. हे दोन शब्द दिसले की सही लांबणीवर टाकून जाणकाराला कागद दाखवावा. करार मराठीतही करता येतो. न कळणाऱ्या भाषेत सही करण्याची सक्ती नाही.

मास्टर हातचा गेला की काय होते, हे जगातील सर्वांत यशस्वी गायिकांपैकी एक असलेल्या टेलर स्विफ्टलाही भोगावे लागले. तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये कंपनीच्या विक्रीसोबत दुसऱ्याकडे गेले. तिने २०२१ पासून जुने अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले आणि अखेर २०२५ मध्ये मूळ मास्टर विकत घेतले. ते तिला परवडले. भंडाऱ्यातील मुलीला विकलेले गाणे परत घेणे परवडणारे नाही. तिच्यासाठी उपाय एकच, सहीआधी वाचणे.

पैसे केव्हा आणि किती मिळतात?

अपेक्षा आवरती ठेवलेली बरी. यूट्यूबवर जाहिरातींतील वाट्यासाठी १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी वैध व्ह्यूज अशी अट आहे. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे स्वामित्वधन मिळत नाही. याचा फटका अर्थातच नवख्यांना अधिक बसतो. दुसऱ्याच्या गाजलेल्या गाण्याचे कव्हर केल्यास व्ह्यूज येतात, पण जाहिरातीचे उत्पन्न बहुधा मूळ हक्कदाराकडे वळते.

म्हणून सुरुवातीच्या काळात नवे गाणे थेट कमाईपेक्षा ओळखपत्रासारखे काम करते. मंडई, जयंती, नवरात्र, महाविद्यालयीन स्नेहसंमेलने यांची निमंत्रणे गाण्यामुळे येतात आणि प्रत्यक्ष पैसा तिथे मिळतो. रोवणी किंवा धानकापणीच्या दिवसांत प्रसिद्ध केलेले गाणे गावात कमी ऐकले जाईल. दिवाळीपूर्वी आलेले गाणे मंडईच्या हंगामात वाजू शकेल. मोठ्या शहरातला शुक्रवारचा मुहूर्त इथे लागू पडेलच असे नाही.

मुलींपुढच्या अडचणी वेगळ्या कशा?

पहिली अडचण पासवर्डची. चॅनल भावाच्या ई-मेलवर, वितरकाचे खाते मित्राच्या नावावर आणि पैसे वडिलांच्या बँक खात्यात, अशी सुरुवात घरातल्या विश्वासावर होते. भांडण झाले, लग्न ठरले किंवा मित्राशी बिनसले की गायिकेला स्वतःच्याच गाण्याला हात लावता येत नाही. ई-मेल, मोबाइल क्रमांक, पॅन आणि बँक खाते पहिल्या दिवसापासून तिच्या नावाचे असणे ही चैन नसून मालकीचा पुरावा आहे.

दुसरी अडचण नावाची. लग्नानंतर आडनाव बदलले आणि नवी गाणी नव्या नावाने आली, तर ऑनलाइन सेवा त्यांना दोन वेगळ्या कलाकार समजू शकतात आणि श्रोते विभागले जातात. कलाकार म्हणून एकच नाव ठरवून ते टिकवणे हा त्यावर सोपा उपाय.

तिसरी अडचण रात्रीची. कार्यक्रम उशिरा संपतात, परतीची एसटी नसते आणि सोबतीला जाणाऱ्याचा खर्च मानधनातून वजा होतो. आयोजकाने प्रवास आणि मुक्कामाची सोय मानधनाव्यतिरिक्त करणे हे ठरवून घेण्याचे कलम आहे; ती मेहेरबानी समजू नये. चौथी अडचण व्हिडीओखाली येणाऱ्या शेरेबाजीची. यूट्यूबवर विशिष्ट शब्द अडवण्याची आणि टिप्पण्या आधी तपासण्याची सोय आहे. धमकी किंवा अश्लील मजकुराची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

आवाजाचीच नक्कल झाली तर?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे गायिकेच्या काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून तिच्या आवाजात न गायलेले गाणे बनवता येते. अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. नामवंतांना मिळालेली ही ढाल नवोदितांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल. तोवर करारातच ‘आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरता येणार नाही’ असे एक वाक्य लिहून घेणे शहाणपणाचे.

आजीकडून शिकलेले गाणे कुणाचे?

झाडीपट्टीतील अनेक मुलींचा पहिला खजिना घरातलीच गाणी असतो. रचनाकार माहीत नसलेले, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले लोकगीत कुणीही गाऊ शकते. नव्या गायिकेला हक्क मिळतो तो तिच्या नव्या मांडणीवर, तिच्या गायनावर आणि ध्वनिमुद्रणावर. मूळ गाण्यावर नाही. त्याच गाण्याची दुसरीने केलेली मांडणी ती अडवू शकत नाही. मात्र आजीच्या आवाजाचा तुकडा गाण्यात वापरला, तर आजीही कायद्याने कलाकार ठरते आणि तिची परवानगी लागते.

श्रेय कसे द्यावे याचा नमुना महाराष्ट्रात उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होत आहेत. तिथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिले जाते. ‘पारंपरिक’ या एका शब्दामागे हजारो बायका गडप होतात. या संग्रहाने त्यांना नावानिशी समोर आणले.

पुढे काय?

स्पॉटिफायला गाणे भंडाऱ्याहून आले की मुंबईहून, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो नोंदींनी. गाणे पाठवण्याआधी तरुणीने पाच गोष्टी कागदावर आणाव्यात : शब्द कुणाचे, चाल कुणाची, ध्वनिमुद्रणाचा खर्च कुणी केला, साथीदारांना काय दिले आणि उत्पन्नात कुणाचा किती वाटा. एका पानावर सर्वांच्या सह्या झाल्या तरी पुढचे निम्मे वाद टळतात.

महाविद्यालये, सांस्कृतिक मंडळे आणि बचतगटांचे मेळावे मुलींना गाण्याची संधी देतातच. त्यांनी त्याच दिवशी तासभर वकील किंवा अनुभवी संगीतकार बोलावून हक्कांची माहिती दिली, तर त्याचा उपयोग करंडकापेक्षा जास्त काळ होईल. रोवणीचे गाणे रचणारी बाई कोण होती, हे आज कुणाला सांगता येत नाही. तिच्या नातीचे गाणे कुणाचे, हे सांगणारा रकाना मात्र आता उपलब्ध आहे. तो तिने स्वतः भरायचा आहे.